निकालाच्या दिवशी सोबत्यांना मार्क विचारावे का? आणि विचारायचे तर कसे?

शकुंतला_पॅसेंजर (१४ मे २०२५, रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी. काल दहावीचा निकाल लागला. माझा लहान भाऊ यंदा दहावीला होता. आमचं गाव दारव्हा तालुक्यात. त्याला चांगले मार्क मिळाले, घरात आनंद आहे. धागा काढतेय तो त्याच्या वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जे झालं त्यासाठी.

दुपारी १ वाजता निकाल आला. २ वाजायच्या आत वर्गातल्या एका मुलानं अख्ख्या वर्गाचा तक्ता करून ग्रुपवर टाकला. नाव, टक्के आणि शेवटच्या रकान्यात नंबर, पहिला कोण, शेवटचा कोण. एकालाही विचारलं नाही. बोर्डाच्या साइटवर निकाल बघायला लागतं काय, तर सीट नंबर आणि आईचं नाव. सीट नंबर बहुतेक ओळीनंच असतात, आणि गावात कोणाच्या आईचं नाव कोणाला माहीत नसतं? शहरात त्या अटीचा काही उपयोग होत असेल, आमच्याकडे शून्य.

त्या तक्त्यात खालून दुसरा मुलगा भावाचा बालवाडीपासूनचा मित्र. गणितात राहिला. निकालाच्या वेळी तो वडिलांसोबत वावरात होता, तिथं नेट नाही. रस्त्यावर आल्यावर फोनमध्ये पहिल्यांदा उघडला तो ग्रुप. म्हणजे स्वतःचा निकाल त्याला सगळ्यांच्या नंतर कळला, आणि तोही दुसऱ्याच्या तक्त्यातून. त्यानं ग्रुप सोडला, फोन बंद आहे.

माझं मत पक्कं आहे. मार्क ज्याचे, ते सांगायचा हक्कही त्याचाच. पण भाऊ म्हणतो, "ताई, मग आपण एकमेकांना विचारायचंच नाही का? सगळेच विचारतात." त्याचंही खरं आहे. पुढे बारावी, सीईटी, कॉलेज, भरती, सगळीकडे हा प्रसंग येणारच. तुमच्याकडे काय रीत आहे? कोणाला विचारावं, कधी, कोणत्या शब्दांत? आणि ज्याला जास्त पडले त्यानं कसं वागावं?

तुरीच्या_शेंगा (रात्री १०:०५)

ताई, तक्ता टाकणं वाईट, ते मान्य. पण मार्क ही काही लपवायची गोष्ट आहे का? आमच्या वेळी पेपरात सीट नंबर छापून यायचे. अख्खं गाव एस्टी स्टँडवर पेपरची वाट पाहायचं आणि ज्याचा नंबर सापडला नाही त्याचं गावाला तिथंच कळायचं. नंतर शाळेत हेडमास्तर नाव घेऊन मार्क सांगायचे. कोणी मेलं नाही. विचारणारा माणूस आपुलकीनं विचारतो. उद्या कोणी विचारलंच नाही तर तेही लागतं जिवाला. माझ्या मते विचारावं, खुल्या मनानं विचारावं आणि खुल्या मनानं सांगावं.

मेळघाटचा_मास्तर (रात्री १०:३०)

काकाजी, पेपरातल्या सीट नंबरात आणि या तक्त्यात फरक आहे. पेपरात नंबर होता, नाव नव्हतं, टक्के नव्हते. आणि पेपर दुसऱ्या दिवशी रद्दीत जायचा. तक्ता प्रत्येकाच्या फोनमध्ये राहतो, पुढच्या वर्षी लग्नाच्या बोलणीतही निघतो. अतिशयोक्ती करत नाही, आमच्याकडे निघाला आहे.

मी आश्रमशाळेत दहावीचा वर्ग सांभाळतो. मुलं वसतिगृहात राहतात, निकाल लागतो तेव्हा घरी गेलेली असतात आणि निम्म्या पाड्यांवर फोनला रेंज नसते. म्हणून निकाल मीच बघतो, पण एक पद्धत धरून. हॉल तिकीट वाटतानाच प्रत्येकाला एकट्याला विचारतो, "तुझा निकाल मी बघू का, आणि कळवू कोणाला?" काही म्हणतात आईला सांगा, काही म्हणतात मामाला, एखादा म्हणतो मलाच सांगा, घरी मी सांगीन. ते वहीत लिहून ठेवतो. निकालाच्या दिवशी पहिला फोन ज्यांचा विषय राहिला त्यांच्याकडे जातो. ९० टक्केवाल्याला दोन तास उशिरा कळलं तर काही बिघडत नाही. नापास झालेल्याला दुसऱ्याकडून कळलं तर फार बिघडतं.

आणि हॉल तिकिटाचे फोटो ग्रुपवर टाकू नका, हे मी मुलांना परीक्षेच्या आधीच बजावतो. सीट नंबर फिरतात ते तिथूनच.

पानठेल्यावरून (रात्री १०:४१)

१ वाजता साइट उघडत नाही तोवरच खरी समानता राहते बावा. पहिला येणारा अन् उडणारा दोघंही गोल फिरणाऱ्या चकरीकडे पाहून रायले असते :)

चांदूरची_लेक (रात्री ११:१२)

मुलींची बाजू लिहिते.

आमच्या गावातून सात-आठ जणी मानव विकासच्या निळ्या बसनं तालुक्याच्या शाळेत जायचो. सगळ्यांचे बाप एकमेकांना ओळखणारे. तिथं मार्क नुसते मार्क नसतात. एकीला ८१ पडले आणि दुसरीला ५८, तर ५८ वालीचा बाप म्हणतो, "त्यांची पोरगी शिकू दे, तुझ्यानं काही होत नाही, आता पुरे कर." म्हणजे माझे मार्क कळले म्हणून नाही, शेजारणीचे कळले म्हणून माझं कॉलेज बंद. ५८ टक्के म्हणजे द्वितीय श्रेणीत पास, तेवढ्यावर अकरावीला आर्ट्स-कॉमर्स नीट मिळतं, नर्सिंगचा विचार करता येतो. पण शेजारचे ८१ दिसले की ५८ नापास असल्यासारखे दिसतात.

म्हणून आम्ही बसमध्येच ठरवलं होतं की घरी फक्त आपापले सांगायचे. दुसरीचे कोणी विचारले तर "तिलाच विचारा काकाजी" एवढंच बोलायचं. आया चिडल्या, पण एकीनंही तोंड उघडलं नाही. आपसात मात्र सगळ्या सगळं सांगायचो. ते सांगणं कधी जड गेलं नाही, कारण ते बाहेर जाणार नाही याची खात्री होती.

तुरीच्या_शेंगा काकाजी, तुम्ही खुल्या मनानं विचारत असाल. पण तुमच्या मागं उभा असलेला माणूस कोणत्या मनानं ऐकतोय ते तुमच्या हातात नाही.

हिंगणघाट_जंक्शन (रात्री ११:२०)

+१. शेवटची ओळ फार मोलाची.

जास्त मार्क पडणाऱ्यांसाठी एक. पेपरहून आल्यावर "माझा तर पार वाया गेला, पास होते की नाही" म्हणून रडायचं आणि निकालाला ९२ काढायचे, हे बंद करा. ज्याचा पेपर खरोखर वाया गेला तो तुमच्या रडण्यावर विसंबून बसतो, आपण दोघं एका नावेत आहोत असं समजून.

धानाचा_बांध (१५ मे, सकाळी ७:१५)

हिंगणघाट, याच्याशी सहमत नाही. मी साकोलीकडचा. माझी बहीण ९४ वाली. ती रडायची ते खरंच रडायची. एक गणित चुकलं की तिला जेवण जायचं नाही. हुशार पोरांना ढोंगी म्हणणं सोपं आहे जी. त्यांच्यावरही घरचा डोंगर असतो. ९४ पडले तर पहिला प्रश्न येतो, "बाकीचे सहा कुठे गेले?"

बाकी, विभागाचं सांगतो. यंदा राज्याचा दहावीचा निकाल ९४.१० टक्के आणि आमचा नागपूर विभाग ९०.७८ वर, नऊ विभागांत सगळ्यात शेवटी. म्हणजे इकडे शंभरात नऊ-दहा पोरं राहिलेली आहेत. साठ पोरांच्या वर्गात पाच-सहा. तुम्ही "किती पडले रे?" म्हणून ज्याला हाक मारता तो त्यातला असू शकतो, हे हाक मारायच्या आधी मनात असलं म्हणजे झालं.

हिंगणघाट_जंक्शन (सकाळी ७:४०)

बहिणीबद्दल वाचलं. तिच्यासारख्यांना माझं म्हणणं लागू नाही, मान्य. पण मुद्दाम करणारेही असतात, तेही तुम्ही पाहिले असतील.

पर्सेंटाइलवाला (सकाळी ८:२०)

थोडं वेगळं, पण याच विषयाचं. गावात दुसऱ्याचे मार्क विचारतात आणि परीक्षा कोणती ते विचारतच नाहीत. सीईटीला ९१ पर्सेंटाइल आले की पारावर चर्चा, "९१ टक्के काढले पोट्ट्यानं." आणि नीटला ४३० आले की "७२० पैकी ४३०? म्हणजे साठच टक्के? त्या अमक्याला तर बारावीत ८५ आहेत." ९१ पर्सेंटाइलचा अर्थ, परीक्षेला बसलेल्या शंभरांपैकी ९१ जणांना तुझ्याएवढे किंवा कमी मिळाले. पेपरात ९१ टक्के मार्क मिळाले असा नाही. दोन वेगळ्या परीक्षांचे आकडे शेजारी ठेवून पोरापोरांत तुलना करणं म्हणजे दोघांवरही अन्याय आहे.

विद्यार्थ्यांनी आपसातही हे पाळावं. बोर्डवाल्यानं सीईटीवाल्याला आकडा विचारू नये, विचारायचंच तर "तुला हवं ते कॉलेज मिळेल का?" असं विचारावं. त्यातून खरं कळतं.

अभ्यासिका_खुर्ची_११ (सकाळी ९:०५)

सगळे "विचारू नका" म्हणताहेत, म्हणून दुसरी बाजू मांडतो. मी वाशीम जिल्ह्यात तालुक्याच्या अभ्यासिकेत बसतो. भरतीच्या परीक्षांची तयारी. आमच्याकडे मार्क लपवणं शक्यच नाही, कारण यादी नावासकट लागते. पोलीस भरतीत मैदानीचे ५० आणि लेखीचे १००, दोन्ही यादीत. मैदानावर तर १६०० मीटरला कोणाला किती वेळ लागला ते सोबतचा पळतानाच बघतो.

पण आम्हाला मार्कांची चर्चा लागते. उत्तरतालिका आली की संध्याकाळी सगळे अंगणात बसतो. त्यात एकही जण "तुला एकूण किती?" असं म्हणत नाही. एकेक प्रश्न घेतो. ४७ वा कोणाचा बरोबर? तू पर्याय तीन का घेतला? तालिकेत चूक वाटते का, हरकत घ्यायची का? ज्याला एकूण सांगायचं तो सांगतो, ज्याला नाही तो नुसता पेन घेऊन बसतो. अशा बसण्यातून एकदा हरकतीचा मुद्दा निघाला आणि त्याचा सगळ्यांनाच फायदा झाला. चर्चा बंद करून हे मिळालं असतं का?

२०२३ ची तलाठी भरती आठवा. २०० मार्कांचा पेपर आणि नॉर्मलायझेशन होऊन काहींना २०० च्या वर मार्क. गावात लोक म्हणू लागले घोटाळा, पोरं म्हणू लागली आम्ही मूर्ख. वेगवेगळ्या पाळ्यांचे पेपर कमी-जास्त अवघड असतात म्हणून मार्क समान पातळीवर आणतात, हे सगळ्यांनी आपापले कच्चे मार्क आणि पाळी समोर ठेवली तेव्हा कळलं. कोणी लपवले असते तर कळलं नसतं.

म्हणून माझं म्हणणं, कामासाठी विचारा, बेशक विचारा. नुसतं माहीत करून घ्यायला विचारू नका.

शकुंतला_पॅसेंजर (सकाळी १०:३०)

सगळ्यांचे आभार. अभ्यासिका दादा, कामासाठी आणि नुसतं माहीत करून घ्यायला, हा फरक भावाला लगेच पटला. चांदूरची ताई, तुमचं वाचून आई गप्प झाली. ती सकाळीच शेजारच्या काकूंना त्यांच्या मुलीचे विचारायला निघाली होती.

एक विचारायचं राहिलं. त्या मित्राकडे भाऊ आज जाऊ पाहतो. त्याला ८८ पडलेत. गेला तर काय बोलावं त्यानं?

बाभुळगावची_आई (दुपारी १२:१५)

मी इथं वाचते, लिहीत नाही. आज लिहिते.

माझा मुलगा मागच्या वर्षी दहावीला दोन विषयांत राहिला. आम्ही निकाल बघायच्या आधी माझ्या चुलत जावेचा फोन आला, "वाईट नका वाटून घेऊ, होते असं." मला कळेना काय झालं. मग समजलं, तिच्या मुलानं माझं नाव टाकून निकाल बघितला. माझं नाव टाकून. ते नाव मी माझ्या लेकराच्या शाळेत दाखल्यावर दिलं, गावानं वापरावं म्हणून नाही दिलं.

त्यानंतर दिवसभर लोक येत राहिले. कोणी वाईट बोललं नाही. सगळे समजूत घालायलाच आले. पण प्रत्येक जण आला की लेकरू मागच्या दारानं गोठ्यात जायचं. संध्याकाळी मीच दार लावून घेतलं.

त्याच्या वर्गातला एक मुलगा मात्र दुसऱ्या दिवशी सायकलवर आला आणि म्हणाला, "काकू, तो आहे का? नदीवर चाललो पोहायला." बस. निकालाचं अक्षर नाही. माझा मुलगा गेला. परत आला तेव्हा जेवला. पुरवणी परीक्षेचा फॉर्म भरायचा विषय त्यानंच तीन-चार दिवसांनी काढला, त्या मुलाजवळ. जुलैच्या परीक्षेत दोन्ही विषय निघाले.

शकुंतला ताई, भावाला जाऊ द्या. बोलायला काही लागत नाही.

मेळघाटचा_मास्तर (दुपारी १२:३०)

ताई, हे लिहिलंत, फार बरं झालं.

झेरॉक्स_अँड_ऑनलाइन (दुपारी १:५०)

बाभुळगावच्या ताईंना नमस्कार. माझं तालुक्याच्या ठिकाणी ऑनलाइन फॉर्म अन् झेरॉक्सचं दुकान आहे. निकालाच्या दिवशी शंभरावर पोरं येतात. पहिल्या वर्षी स्क्रीन गिऱ्हाइकाकडे तोंड करून होती. एक पोट्टा समोर अन् मागं त्याचे दहा सोबती मानेवरून वाकून. निकाल उघडला की तो बोलायच्या आधी मागचे ओरडायचे.

आता स्क्रीन माझ्याकडे वळवली. सीट नंबर अन् आईचं नाव चिठ्ठीवर लिहून घ्यायचं, मोठ्यानं नाही. प्रिंट काढतो, छापलेली बाजू आत करून घडी घालतो अन् हातात देतो. पास असो, नापास असो, सगळ्यांची घडी सारखी, सगळ्यांना दहा रुपये. मी "अभिनंदन" पण म्हणत नाही. एकाला म्हटलं अन् दुसऱ्याला नाही म्हटलं, की मागच्या पोरांना लगेच समजते.

अन् स्वतःचा सोडून दुसऱ्याचा नंबर आणला तर काढून देत नाही. यंदा एक जण पूर्ण वर्गाची लिस्ट घेऊन आला होता. त्याले म्हटलं, ज्याचा त्याले पाठव. धंदा गेला, जाऊ दे.

पानठेल्यावरून (दुपारी २:०२)

झेरॉक्सवाले भाऊ, तुमच्या दुकानाले माह्यातर्फे एक तर्री पोहा. हे असं घडी घालणं मले सुचलंच नसतं.

आता माहा मुद्दा. पोरायले काय सांगता, मोठे काय करून रायले ते पहा. निकाल लागला की दोन दिवसांत चौकात फ्लेक्स. क्लासवाले, पतसंस्थावाले, नेते, समाजाचे मंडळवाले. ९० च्या वरचे सारे फोटोसकट. बोर्डानं गुणवत्ता यादी केव्हाचीच बंद केली, पण आमच्या चौकात ती दरवर्षी लागते, अन् त्यावर पोरापेक्षा नेत्याचा फोटो मोठा. त्या पोरीले विचारलं का, तुझा फोटो चौकात लावू का म्हणून? आमच्या इथल्या एका पोरीनं क्लासच्या मॅडमले सांगून फोटो काढायला लावला, कारण रस्त्यानं जाता-येता पोट्टे टक्क्यानं हाक मारत. "ए ब्याण्णव" म्हणून.

चांदूरची_लेक (दुपारी २:२०)

"ए ब्याण्णव" वाचून अंगावर काटा आला. आमच्याकडेही असंच. फ्लेक्सवर फोटो छापायच्या आधी मुलीला विचारा. नुसतं तिच्या बापाला विचारून भागत नाही.

तुरीच्या_शेंगा (दुपारी ३:४५)

सगळं वाचलं. बाभुळगावच्या सूनबाई, तुमच्या लेकराचे दोन्ही विषय निघाले हे वाचून समाधान वाटलं.

तक्त्याबद्दल, फ्लेक्सबद्दल, दुसऱ्याचा निकाल उघडण्याबद्दल माझं तुमच्याहून वेगळं मत नाही. पण गावात माणूस समोर आल्यावर काहीच न विचारता पुढं जाणं हे मला जमणार नाही, आणि जमू नये. पोराला दहावीत मरमर करताना वर्षभर पाहिलं, आणि निकालानंतर त्याच्याशी पाऊस-पाण्याचं बोलायचं? त्यालाही कळतं की काका टाळून राहिले. मी विचारीन ते एवढंच, "बाबू, पुढं काय ठरवलं?" ज्याला मार्क सांगायचे तो त्यातच सांगतो. ज्याला नाही तो म्हणतो, बघतो काकाजी. आपण "बरं, काही लागलं तर सांग" म्हणायचं आणि पुढं जायचं. चालेल का?

धानाचा_बांध (दुपारी ४:००)

हेच चालते काकाजी. आमच्याकडे मोठी माणसं असंच विचारतात.

फक्त निकालाच्या दिवशीच नको. त्या दिवशी पोराला स्वतःलाच माहीत नसतं पुढं काय ते. दोन-चार दिवस जाऊ द्या.

वरुड_संत्रा (सायंकाळी ५:३०)

इथं माहीतगार लोक आहेत म्हणून विचारतो. माझ्या पुतण्याला सगळ्या विषयांत ८० च्या घरात आणि विज्ञानात ५१. सोबतच्या पोरांशी बोलल्यावर त्याला शंका आली, कारण दोघांनी मिळून अभ्यास केला, उत्तरं जुळत होती आणि सोबत्याला ८४. काय करता येईल?

मेळघाटचा_मास्तर (सायंकाळी ६:१०)

वरुड, दोन गोष्टी आहेत. गुणपडताळणी म्हणजे बेरीज बरोबर आहे का, एखादं उत्तर तपासायचं राहिलं का, तेवढंच बघतात. पुनर्मूल्यांकन म्हणजे उत्तरपत्रिका पुन्हा तपासणं. पण पुनर्मूल्यांकनासाठी आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवावी लागते. ती हाती आली की विषयाच्या शिक्षकाला दाखवा आणि खरंच फरक वाटला तरच पुढचा अर्ज करा. छायाप्रत मिळाल्यापासून पाच कामाच्या दिवसांत करावा लागतो. अर्ज बोर्डाच्या साइटवरून ऑनलाइन होतात, मुदत निकालाच्या प्रकटनात दिलेली असते. ती चुकवू नका. आणि ५१ मध्ये अंतर्गतचे २० पैकी किती आहेत ते आधी पाहा. कधी फरक तिथंच असतो आणि ते मार्क शाळेतून गेलेले असतात.

अभ्यासिका_खुर्ची_११ (सायंकाळी ६:२५)

बघा, वरुडच्या पुतण्यानं सोबत्याशी मार्क बोलले नसते तर ही शंका आलीच नसती. माझा मुद्दा हाच होता.

चांदूरची_लेक (सायंकाळी ६:४०)

मान्य दादा. पण ते दोघं एकत्र अभ्यास करणारे होते, आणि एकट्यात बोलले. ग्रुपवर नाही.

मेळघाटचा_मास्तर (रात्री ८:००)

एक गोष्ट अजून, गंभीर आहे म्हणून वेगळी लिहितो. निकालानंतर जो सोबती फोन बंद करतो, जेवत नाही, "मी ओझं झालो" असं काही बोलतो, त्याच्या बाबतीत वाट बघायची नाही. सोबत्यांना हे घरच्यांच्या आधी कळतं. तेव्हा "त्याचं गुपित आहे" म्हणून गप्प बसू नका. त्याच्या घरी किंवा शाळेतल्या विश्वासाच्या शिक्षकांना लगेच सांगा. मार्क गुप्त ठेवायचे, पण ही गोष्ट गुप्त ठेवायची नाही. १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे, चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलतात. मी तो वर्गाच्या फळ्यावर कोपऱ्यात वर्षभर लिहून ठेवतो.

आणि शकुंतला ताई, त्या मित्राला हेही कळू द्या की गणित एकच विषय राहिला असेल तर एटीकेटीवर, म्हणजे राहिलेला विषय नंतर काढायच्या अटीवर, अकरावीला प्रवेश घेता येतो, वर्ष वाया जात नाही. पुरवणी परीक्षेचा फॉर्म शाळेतूनच भरतात.

शकुंतला_पॅसेंजर (१६ मे, रात्री ९:१५)

भाऊ काल संध्याकाळी गेला होता. बाभुळगावच्या ताईंचं लक्षात ठेवून काही न बोलता गेला. मित्र आधी बाहेरच आला नाही, त्याच्या आजीनं भावाला बसवून घेतलं. मग आला. दोघांनी गल्लीत क्रिकेट बघितलं, खेळले नाहीत. आज तो आपणहून आमच्याकडे आला होता. मास्तरांनी लिहिलेलं एटीकेटीचं त्याला माहीतच नव्हतं, भावानं सांगितलं. फोन अजून बंद आहे, पण माणूस बाहेर आहे.

वर्गातल्या चार-पाच जणांनी मिळून ग्रुपवर ठरवलं आहे, ते इथं टाकते. तुमचं मत सांगा. तक्ता काढून टाकायचा आणि ज्यानं केला त्यानं सगळ्यांना तसं सांगायचं (त्यानं सांगितलंही, आढेवेढे न घेता). दुसऱ्याचा निकाल त्यानं सांगितल्याशिवाय उघडायचा नाही. निकालाच्या दिवशी ग्रुपवर फक्त अ‍ॅडमिनला लिहिता येईल असं करायचं. मार्क ज्याला सांगायचे तो सांगेल, विचारायचं झालं तर एकट्यात आणि कारण असेल तर. यंदा अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन आहेत, त्यामुळे कॉलेजचे पसंतीक्रम भरताना एकमेकांचे टक्के लागतीलच, तेव्हा ज्यांना एकत्र भरायचेत त्यांनी वेगळं बसायचं.

हिंगणघाट_जंक्शन (रात्री ९:३०)

तक्तेवाल्या मुलाचंही कौतुक करा. त्याला आता सगळ्यांनी टाळलं तर तेही बरोबर नाही.

शकुंतला_पॅसेंजर (रात्री ९:३४)

नाही टाळत. उद्या तोही येतोय क्रिकेटला.

पानठेल्यावरून (रात्री ९:५०)

नियम झाले, पण पेढ्याचं काय? आमच्या घरी पोरगी पास झाली, ७६ टक्के, अन् समोरच्या घरचा पोट्टा राह्यला. माय म्हणते पेढे वाट, बायको म्हणते समोर देऊ नको, लागेल त्यायले.

बाभुळगावची_आई (रात्री १०:१०)

द्या भाऊ. आम्हाला मागच्या वर्षी दोन घरांनी दिले नाहीत, ते जास्त लागलं. सगळ्यांच्या आधी त्यांच्याकडे न्या. शेवटी नेले तर उरलेले आणले असं दिसतं.

पानठेल्यावरून (रात्री १०:१३)

अन् मार्क विचारले त्यायनं तर?

बाभुळगावची_आई (रात्री १०:२०)

विचारले तर सांगा, खरे सांगा, कमी करून सांगू नका. पण डबा त्या मुलाच्या आईच्या हातात द्या, मुलाला हाक मारू नका. आणि मुलीला सोबत नेऊ नका, तुम्ही एकटेच जा.